शेवटचं रीळ आणि एकतीस हात

चिरतरुण, अखंड सडपातळ आणि या वयातही तितकीच टोचणारी माझी टाचणी हिला,

तुझ्या खोडरबरचा सप्रेम नमस्कार आणि गालाला एक चिमटा. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं आणि तू त्याच संध्याकाळी गच्चीवर चादरी वाळत घालायला गेलीस, हे वाचून मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. भावोजींची साखर ताब्यात आहे ना? नातीचे पुढचे दात आले का? आम्ही दोघं छान आहोत. हे रोज सकाळी चाळीस मिनिटं फिरायला जातात आणि त्यातली पंचवीस मिनिटं कुणाशी तरी बोलत एका जागी उभे असतात. माझं वजन विचारू नकोस, मीही तुझं विचारणार नाही.

आता बातमी. मी जिंकले! काय जिंकले, कुणाविरुद्ध, ते सगळं नीट क्रमाने सांगते. (शाळेत निबंधाच्या वहीवर मदर लाल शाईने "आधी विषयावर ये" असं लिहायच्या, ते आठवून हसू नकोस.)

आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून दोन रविवारी सिनेमा दाखवतात, हे तुला मी लिहिलंच होतं. कोणता दाखवायचा ते तिघांची समिती ठरवते. एक मी. दुसऱ्या नर्सबाई, त्यांना कमी ऐकू येतं आणि दिसतं मात्र सगळं. आणि तिसरे आमचे चिटणीस, ज्यांनी उभा जन्म कोर्टात लघुलेखक म्हणून काढला. ते चहा मागतानासुद्धा मुद्दे पाडतात, म्हणून मी त्यांचं नाव मुद्देसूद ठेवलं आहे. ही समिती म्हणजे माझा जीव की प्राण, टाचणे. टेलिफोन एक्स्चेंजमधली तीस वर्षांची नोकरी संपली आणि घरात अशी काही शांतता पसरली, की मी फ्रिजच्या आवाजाला हुंकार द्यायला लागले होते. या समितीने मला पुन्हा माणसांत आणलं. तेव्हा पुढे जे झालं त्यात माझं काय जाणार होतं, हे तू ओळखशीलच.

समितीत असल्यामुळे हल्ली मी खूप सिनेमे बघते आणि माझी मतं फार पक्की झाली आहेत. आजकाल अंधाराचा प्रसंग म्हणजे खरोखरच अंधार असतो. परवा एका खुनाच्या सिनेमात खून झाला हे आम्हाला पुढच्या प्रसंगात पोलीस आल्यावर कळलं. नायक-नायिका एकमेकांच्या कानात कुजबुजतात, आणि मग एकदम दार आपटतं तेव्हा आपल्या पर्समधली चिल्लर उडते. एका जाडजूड कादंबरीवरचा सिनेमा पाहिला. कादंबरीत सगळं घर जिच्या तोंडाला घाबरतं, ती मोठी जाऊच त्यांनी गाळली होती. तिची उत्तमोत्तम वाक्यं शेजारणीला वाटून दिलेली. (असं आपल्या घरात करून बघा म्हणावं.) एका सिनेमाचा तर नुसता दुसरा भाग पाहिला. पहिला कधीतरी नंतर येणार आहे म्हणे, त्यात दुसऱ्याच्या आधीचं असणार. मी विचारलं, मग ज्याला मी आज मेलेला बघितला त्याची पुढच्या वर्षी काळजी करायची की नाही?

तर गेल्या महिन्यात आपला दीपगृहाचा सिनेमा नव्या नटांना घेऊन पुन्हा आला. आपला! शाळेच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरीवर पाहिलेला, ज्यात चादरीच्या दुमडीमुळे नायकाच्या नाकाला बाक आला होता, तोच. गोष्ट तीच आहे. दीपगृहाच्या राखणदाराची मुलगी, तिला पत्रं लिहिणारा जहाजावरचा डॉक्टर, वादळाची रात्र आणि विझलेला दिवा. मी नवी साडी नेसून पहिल्याच आठवड्यात गेले. काय सांगू! नायिका अर्धा तास पावसात भिजते आणि काजळाची रेघ हलत नाही. डॉक्टरला इतकी दाढी, की तो बोलतोय की चावतोय ते समजत नाही. म्हाताऱ्या राखणदाराचा आधीच भिंतीवर हार घातलेला फोटो झालेला. आणि शेवटी काय? ती बया मोबाइलची बॅटरी पेटवून जहाज वाचवते, दीपगृहाचं हॉटेल होतं आणि त्या गोल जिन्यावर साठ माणसं नाचतात. आपण मोजल्या होत्या त्याच त्या पायऱ्या, गं.

पुढच्या बैठकीत मी तोफ डागली. म्हटलं, मूळ सिनेमाचा शेवट काय होता, हे या खोलीत फक्त मला माहीत आहे. दिवा विझतो, काड्या भिजलेल्या, एकच कोरडी उरलेली. मग ती मुलगी डॉक्टरची प्रेमपत्रं एकेक करून पेटवते आणि रात्रभर तो उजेड जागता ठेवते. जहाज वाचतं. सकाळी डॉक्टर धावत वर येतो, तर ती काजळीने माखलेल्या तोंडाने म्हणते, "पत्रं संपली. आता आलाच आहात तर काच पुसायला घ्या." मुद्देसूदांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "मुद्दा एक, हे आपण स्वतः पाहिलंत?" मी म्हटलं, "या दोन डोळ्यांनी." "मुद्दा दोन, चूक निघाली तर?" "तर समिती सोडते," मी म्हणाले. त्यांनी ते लगेच लिहून घेतलं. आणि मग अगदी गोड आवाजात सांगितलं, की जुन्या सिनेमाची एक प्रत त्यांना मिळाली आहे आणि ती येत्या रविवारी दाखवू.

मी खुशीत घरी आले. शुक्रवारपर्यंत खुशीत होते. शुक्रवारी दुपारी ह्यांच्या शर्टाला इस्त्री करताना मनातल्या मनात सगळा सिनेमा चालवत होते. रिळं बदलताना सिस्टर खिडकीचे पडदे उघडायच्या आणि आपण डोळे चोळायचो, तेही आठवलं. पहिलं रीळ, दुसरं, तिसरं… सहावं. ती मुलगी जिना चढते आहे, वारा घोंघावतो आहे, आणि एकदम पडदे उघडले. मदर पुढे येऊन म्हणाल्या, "मुलींनो, सातवं रीळ खराब झालं आहे. रांगेत प्रार्थनेला चला." टाचणे, मी इस्त्री तशीच शर्टावर ठेवून उभी राहिले. (शर्ट गेला. निळा होता.) आपण शेवट पाहिलाच नव्हता! पुढचे तीन दिवस शिवणाच्या तासाला, उशीच्या अभ्र्यांना टाके घालत घालत तो आपणच रचला होता. आणि मी तो इतक्या जणांना, इतक्या वेळा सांगितला, की माझ्या डोळ्यांना तो दिसायला लागला. ती काजळी, ती काच, सगळं. अजूनही दिसतं. एक्स्चेंजमध्ये लोकांची अर्धी बोलणी कानावर पडायची आणि उरलेली मी जोडून घ्यायचे, ती खोड मला नोकरीत लागली असं मी समजत होते. ती शिवणाच्या तासातली निघाली.

शनिवारी मला ताप येईल अशी आशा होती. आला नाही. हे म्हणाले, "नको जाऊस मग, मी सांगतो डोकं दुखतंय." पण मला मदरचा चेहरा दिसत होता. खोटं बोलणारीपेक्षा त्या खोटं बोलून घरी लपणारीवर जास्त चिडायच्या.

रविवारी खोली गच्च भरली होती. मुद्देसूदांनी आमच्या पैजेची सूचना फलकावर लावली होती, वळणदार अक्षरात. सिनेमा सुरू झाला आणि, अगं, नायकाचं नाक सरळ होतं! सहा रिळं मी खुर्चीचे हात घट्ट धरून पाहिली. ती जिना चढायला लागली तशी मी उठले आणि म्हटलं, "जरा थांबवा." दिवे लागले. मी सगळं सांगितलं. मदर, खराब रीळ, प्रार्थना, अभ्रे, तू, मी. म्हटलं, मी मुद्दाम खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही. पुढे काय आहे ते मला माहीत नाही. समितीचा राजीनामा देते.

मग मुद्देसूदांनी पेन काढलं. "मुद्दा एक, बाईंनी स्वतः पाहिल्याचं सांगितलं. मुद्दा दोन, बाईंनी पाहिलेलं नाही." नर्सबाई उठल्या. "मला राजीनामा ऐकू आलेला नाही," त्या म्हणाल्या, "आणि समितीच्या सभासदाला ऐकू आला नाही तर तो होत नाही. परत म्हणू नका हं बाई, मी कान बंद ठेवलेत. तुमचा तो शेवट तेवढा सगळ्यांना सांगा, मोठ्याने. मग लावा ते रीळ."

मी सांगितला. पहिली तीन पत्रं घाईघाईत जाळली, चौथ्या पत्रापाशी आवाज लागला. एकेक पत्र जळताना त्यातली एकेक ओळ ती वाचते, ते आठवतंय ना? पाचव्या पत्राला मागच्या रांगेतला न्हावी रुमाल शोधायला लागला. काच पुसायच्या वाक्याला अशी टाळी पडली, की खालून वाचनालयाचा शिपाई काय पडलं ते बघायला वर आला.

मग खरं सातवं रीळ लागलं. ऐक. वादळ आपणहून थांबतं. म्हातारा बाप आणि डॉक्टर एकदमच दारात येतात. डॉक्टर म्हणतो, आता तुला हे कष्ट नकोत. ती दीपगृहाच्या किल्ल्या एका नव्या मिशाळ राखणदाराच्या हातात देते, डॉक्टर पाठमोरा होऊन तिच्या कपाळावर ओठ टेकवतो, समाप्त. एवढंच! या कपाळासाठी मदरनी रीळ लपवलं, असं मला क्षणभर वाटलं. आणि मग वाटलं, नाही. ती बाई एकटी सहाशे मुलींची शाळा चालवायची, गळक्या छपरासकट. तिला त्या किल्ल्या दिलेल्या बघवल्या नसतील. आपल्याला दाखवायच्या नसतील. टाचणे, मला तिथे बसल्या बसल्या त्यांची फार आठवण आली.

दिवे लागल्यावर खोलीतून "हॅ!" असा एकच आवाज निघाला. नर्सबाईंनी परस्पर मतदान पुकारलं. नव्या सिनेमाच्या शेवटाला सात हात. (त्यातले पाच दाढीसाठी.) मूळ शेवटाला एक. आपल्या शेवटाला तीस! मी मोजत होते, आणि बघते तर मुद्देसूद पेन धरलेला हात हळूच खांद्यापर्यंत वर नेत होते. नर्सबाई म्हणाल्या, "पूर्ण वर करा, अर्धं मत घेत नाही आम्ही." एकतीस! इतिवृत्तात त्यांनी स्वतः लिहिलं आहे: "मुद्दा तीन, मूळ सिनेमाची चूक निघाली." मी समितीत आहे. येत्या रविवारी आमचे सभासद आपला शेवट पडद्यापुढे उभं राहून वाचून दाखवणार आहेत. नर्सबाई नायिका. न्हावी डॉक्टर, त्याने आपणहून दाढी काढली.

गुडघ्याला जप. भावोजींना नमस्कार, छोटीला पापा. मी इथे जिन्यावरून राणीसारखी उतरते आहे, असं समज.

तुझीच, न खोडता येणारी,
खोडरबर

ता. क. मूळ शेवटाला पडलेलं ते एक मत ह्यांचं होतं. येताना रस्त्यात मी जाब विचारला. तर म्हणाले, त्यांनी तो सिनेमा लग्नाआधीच तीन वेळा पाहिला होता, सातव्या रिळासकट. आमच्या पहिल्याच भेटीत मी शेवट सांगायला लागले तेव्हा माझी चूक दाखवायला त्यांनी तोंड उघडलं होतं. "मग बोलला का नाहीत?" म्हटलं. "तू काच पुसायला सांगितलीस ना," ते म्हणाले, "मला वाटलं, आता मीच पुसायची." मग आज हात तिकडे का, तर म्हणे त्या बिचाऱ्या डॉक्टरला कुणीतरी हवं की नको. मी निळा शर्ट नवा आणला आहे.

ता. क. २. पत्रं जाळायची कल्पना तुझी, हे मी सभेत सांगितलं. टाळ्या चालू असताना सांगितलं, थोडं हळू आवाजात. रविवारी मोठ्याने सांगेन, शपथ.

ता. क. ३. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे. काल मुद्देसूद घरी आले आणि म्हणाले, "मुद्दा चार. सहाव्या रिळात म्हातारा बाप जहाजाला सावध करायला होडी घेऊन जातो. तुमच्या शेवटात तो कुठे आहे?" मी चहा ओतत राहिले, कप भरून बशीत गेला तरी. टाचणे, आपण त्याला विसरलो! मुलगी वाचली, जहाज वाचलं, काचसुद्धा पुसून झाली, आणि तो म्हातारा अठ्ठेचाळीस वर्षं भर वादळात होडीत बसून आहे. मला काही सुचत नाही, अशा वेळी तुझंच डोकं लागतं. उलट टपाली लिही. वल्हं दे, दोर टाक, काय हवं ते कर, पण गुरुवारच्या तालमीच्या आत त्याला किनाऱ्याला लाव.