झाकण उघडू नकोस

प्रिय ठमे,

पार्सलची वाट बघत असशील आणि हातात पडलंय हे पत्र, म्हणून आधीच सांगते, पार्सल कुठे हरवलेलं नाही. तू फोनवर दोनदा विचारलंस, "आई, बाबांची ती रोपाची बाटली पाठवलीस का?" आणि दोन्ही वेळा मी तुझ्या सर्दीची चौकशी केली. तुला सर्दी नव्हती, हे मलाही माहीत होतं. पण फोनवर मनातलं बोलायला लागलं की तुझी मीटिंग सुरू होते. पत्राचं बरं असतं, ते मध्येच तोडता येत नाही.

घर ठीक आहे. बाबांचं काचेचं दुकान भाड्यानं दिलं. त्यांची काच कापायची हिरकणी मात्र कुणाला दिली नाही, ती माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. बाहेरच्या खोलीतली माशांची टाकी अजून चालू आहे. त्यांनी स्वतः काचा कापून तुझ्यासाठी केली होती ती. शाळेतल्या मैत्रिणीनं दिलेलं ते जाड पानांचं रोप तू त्यात दगडाला दोऱ्यानं बांधलंस आणि महिनोन्महिने त्याला एक पान फुटेना, तेव्हा त्याचं नाव ठेवलंस ढिम्म. तू शिकायला गेलीस, मग परदेशी गेलीस, ढिम्म राहिला बाबांच्या गळ्यात. दर रविवारी पाणी बदलायचं आणि तुला फोनवर बातमी द्यायची, "ढिम्मला नवं पान आलं." तुझी आठवण येते असं त्या माणसाला कधी म्हणता आलं नाही. ते हेच म्हणायचे.

तुझ्याकडे आलो तेव्हा विमानतळावर जे झालं, त्यावर आपण तिघं कधीच बोललो नाही. ढिम्मचा एक तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी चष्म्याच्या घरात ठेवला होता, मलाही पत्ता नव्हता. फॉर्मवर "झाडं आहेत का?" याला त्यांनी "नाही" लिहिलं. पकडल्यावर मोडक्यातोडक्या भाषेत म्हणतात कसे, "हे झाड नाही, हे माझ्या मुलीचं आहे." तिथली अधिकारी बाई चांगली होती गं. तिनं भिंग धरून पानामागची गोगलगाईची अंडी दाखवली, असल्याच एका पाहुण्या रोपानं त्यांचं अख्खं तळं कसं गिळलं ते समजावलं. मला पटलं. डोळ्यांना दिसत नाही म्हणजे नाहीच, असं म्हणणाऱ्यांमुळे काय होतं, ते नर्स म्हणून मी ऑपरेशन थिएटरात जन्मभर पाहिलंय. तिनं तो तुकडा पिवळ्या पिशवीत टाकला, दंड लावला आणि तुला आत बोलावलं. तुझी तिथं कायम राहण्याची कागदपत्रं अडकलेली, तुझा जीव टांगणीला लागलेला, सगळं मान्य. पण तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "बाबा, लाज काढलीत माझी." त्यांनी चष्म्याचं रिकामं घर मिटून खिशात ठेवलं. मग मुक्कामभर तुझ्या सोफ्यावर ते असे बसायचे, जसं काही दवाखान्यात नंबर लागायचाय.

परत आल्यावर तुझा फोन आला की बाबा दुकानात असायचे. दुकान बंद असलं तरी दुकानात असायचे. आणि तूही "बाबांना दे" म्हणायचं सोडलंस. हट्टीपणात तू कुणावर गेलीस, ते वेगळं सांगायला नको.

तुला हे माहीत नाही की त्यांनी डिक्शनरी घेऊन तुमच्या देशाचे नियम वाचून काढले. माती नको, टाकीतलं पाणी नको. बंद बाटलीत, मातीऐवजी जेलीवर, एकही जंतू न लागता वाढवलेलं रोप असेल आणि वर इथल्या तपासनीसाचं प्रमाणपत्र असेल, तर चालतं. "म्हणजे येऊ देतात की!" म्हणत ते उठले आणि त्या दिवसापासून माझा कुकर गेला तो गेलाच. त्यात बाटल्या उकळायच्या, ढिम्मचा कोंब ब्लीचच्या पाण्यात धुवायचा, जेलीवर ठेवायचा आणि वाट बघायची. प्रत्येक बाटलीत बुरशी. काळी, करडी, एकदा तर छान गुलाबी! मी हसायचे. मग एकदा ते सिंकपाशी नुसतेच उभे दिसले, बाटली हातात धरून, आणि माझं हसू गेलं. शेवटी मीच त्यांना हात धुवायला शिकवलं. एवढा संसार झाल्यावर नवऱ्याला हात धुवायला शिकवायचं नशिबी होतं! त्यांनी हात घालायला दोन भोकं ठेवून काचेची पेटी केली. मी चिमटा धरायचे, ते बाटली. थिएटरात मी डॉक्टरांशी बोलायचे तेवढंच आम्ही बोलायचो. ठमे, आमच्या लग्नातले ते सगळ्यांत सुखाचे दिवस होते.

कोंब काढून काढून टाकीतला ढिम्म कुजला, पण एक बाटली स्वच्छ राहिली. तिळाएवढी पानं आली, मग मुगाएवढी. तपासनीसानं ती उजेडात फिरवून पाहिली आणि शिक्का दिला. तोवर यांना जिना चढताना धाप लागायला लागली होती. कुरियरनं पाठवा म्हटलं, तर नाही. "मी स्वतः नेणार आणि फॉर्मवर 'हो' लिहिणार." बाटलीचं तुला सांगायचं नाही, अशी मला ताकीद. फक्त येऊ का, एवढं विचार म्हणाले. मी विचारलं. तू म्हणालीस, "आत्ता नको गं, पुढच्या वर्षी बघू." तुला काय ठाऊक होतं, बाई. त्यांना मी तुझे शब्द जरा मऊ करून सांगितले, पण ते समजले.

दवाखान्यात शेवटी त्यांना बोलवत नव्हतं. मी कान जवळ नेला. मला वाटलं, तुझं नाव घेतील. म्हणाले, "झाकण उघडू नकोस." एकदा झाकण उघडलं, इथली हवा लागली, की ते रोप कुठलाच देश आत घेत नाही. ते गेले, मी तुला कळवलं, तुझ्यासाठी बाटलीत रोप ठेवून गेलेत, ते पाठवते असंही सांगितलं, तू रडलीस आणि म्हणालीस, "आता येऊन तरी काय करू, आई?"

पार्सल बांधून तयार होतं. पानं वर झाकणाला टेकली होती, जेली सुकत चालली होती, उशीर करून चालणार नव्हतं. पण मला दिसत होतं ना पुढचं. बाटली पोचली असती, तू ती खिडकीत ठेवली असतीस, मला फोटो पाठवला असतास आणि तुझ्या मनातलं सगळं फिटलं असतं. इतक्या सहज ते फिटायला नकोय मला. आईनं असं बोलू नये, पण बोलते. आज सकाळी मी कोपरापर्यंत हात धुतले आणि झाकण उघडलं. त्यांनी माझ्याकडे शेवटची एकच गोष्ट मागितली होती, ती मी मोडली. पाळंमुळं धुऊन ढिम्मला तुझ्याच दगडावर दोऱ्यानं बांधलं आणि टाकीत सोडलं. आता तो तुझ्याकडे कधीच येऊ शकणार नाही. आणि येऊन काय करू विचारत होतीस ना? रविवारी पाणी बदलायचं असतं, ठमे. माझ्याच्यानं बादली उचलत नाही.

तुझीच,
आई