फाटलेला सॉस

प्रिय पळीबाई,

केटरिंगच्या वर्गात सरांनी तुझा फाटलेला, लोणी सुटून पाणी झालेला सॉस सिंकमध्ये ओतला, म्हणून मी त्यांच्याशी भांडून कॉलेजच सोडलं. तू मात्र म्हणालीस, "सॉस माझा फाटला, डोकं तुझं का फिरलं? मध्ये पडू नकोस." जाम झोंबलं होतं!

आज कॉलेजच्या डायनिंग हॉलमध्ये गिऱ्हाईक बनून खांबाआड बसलो. किचनच्या खिडकीतून तू दिसलीस. सर म्हणत होते, "चालेल गं, वाढ." तू चाखलंस, स्वतःच्या हाताने सॉस सिंकमध्ये ओतून दिलास आणि नव्याने घोटायला घेतलास. काय पोरगी आहेस तू! मी प्लेट चाटूनपुसून साफ केली.

हे पत्र खिशातच राहील. उद्या सरांची माफी मागून परत वर्गात घ्याल का, असं विचारणार आहे. ते ओरडले, तर तू मध्ये पडू नकोस.

तुझाच,
तापलेला तवा