शिंपीणबाईंचे गुरुवार

प्रिय मित्रा,

तुझं चकचकीत कार्ड मिळालं. तू मंचावर उभा, डोळे मिटलेले, उजवा हात वर, अंगावर तीन बाजूंनी दिवे, आणि खाली सोनेरी अक्षरांत छापलेलं, ‘आम्ही रोज तुमच्यासाठी प्रार्थना करतो.’ हे ‘आम्ही’ म्हणजे नेमके कोण आणि हे ‘तुम्ही’ म्हणजे किती हजार, हे मात्र छापायचं राहून गेलंय. तुझ्या वहिनीने ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, “मागची बाजू कोरी आहे, किराण्याची यादी होईल.” तिचा राग तुला माहीत आहे, उगाच मनावर घेऊ नकोस. घेणार नाहीसच म्हणा. तू काही मनावर घेतल्याचं मी तीस वर्षांत पाहिलेलं नाही.

मागच्या भेटीत, लिफ्टचं दार बंद होता होता, तू मला विचारलं होतंस, “काय म्हणते आपली जुनी मंडळी?” दार बंद झालं, उत्तर माझ्याजवळच राहिलं. तर ऐक. आपली जुनी मंडळी अजून त्या लाँड्रीच्या वरच्याच हॉलमध्ये भरते. अजूनही प्रार्थनेत सगळे शांत झाले की खालची मशीन गरगरायला लागते. रविवारी चौतीस माणसं असतात. शेवटच्या रांगेत पायांना विसावा द्यायला बसणारी ती भाजीच्या पिशव्यांवाली बाई धरली तर पस्तीस. निवृत्त मुख्याध्यापक अजून पहिल्या रांगेत बसतात, आणि उपदेश विसाव्या मिनिटाच्या पुढे गेला की मनगटावरचं घड्याळ कानाला लावून बघतात, चालू आहे की बंद पडलंय म्हणून. गायनाच्या बाई अजून सगळ्यांच्या आधी गाणं सुरू करतात आणि सगळ्यांच्या नंतर संपवतात. पडदे निळे हवेत की मातकट, यावर गेलं वर्षभर चार बैठका झाल्या आणि दोन कुटुंबं एकमेकांशी बोलेनाशी झाली. ही माणसं देवाच्या राज्यात जातील तेव्हा आधी तिथल्या खुर्च्या मोजतील, आणि मग आपली कोणती म्हणून भांडतील.

आणि मी? सोमवारी मी संडासाची टाकी दुरुस्त करतो, मंगळवारी कुणाला तरी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो, बुधवारी ज्या नवरा-बायकोला एकमेकांचं तोंड बघायचं नसतं त्यांच्या मध्ये बसतो. शनिवारी खुर्च्या मांडतो, रविवारी उचलतो. या चर्चमध्ये पाळक म्हणजे ज्याच्याकडे किल्ल्या असतात तो. उपदेशही करतो मधूनमधून. माझे उपदेश नीट असतात, अभ्यास केलेले, कंटाळवाणे. बाहेर पडताना लोक माझा हात हातात घेतात आणि न चुकता म्हणतात, “छान झालं हो. पण आधीच्या पाळकसाहेबांचं म्हणजे काय विचारता!” तुला जाऊन सहा वर्षं झाली, तरी या हॉलमध्ये अजून तूच पाळक आहेस. मी नुसता तुझ्या जागेवर बसलोय.

धर्मशास्त्राच्या कॉलेजात तरी वेगळं काय होतं? परीक्षेच्या आदल्या दिवशी तू माझ्या खाटेवर येऊन पडायचास. मी मोठ्याने वाचायचो, तू ऐकता ऐकता नखं कापायचास, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त गुण घेऊन यायचास. शेवटच्या वर्षी हरवलेल्या मेंढरावर तू जो उपदेश केलास, त्यात बरोबर एका ठिकाणी तुझा आवाज भरून आला आणि म्हातारे प्राचार्य चष्मा पुसायला लागले. मी मात्र आदल्या दिवशी खोलीत तुझी तालीम ऐकली होती. त्याच वाक्याला, तसाच, तीनदा भरून आला होता. मी तेव्हाही कुणाला काही बोललो नाही. उलट अभिमान वाटला. हा माझा मित्र, बघा.

तू इथून गेलास त्या दिवशीही रडलास. सगळे रडले. मग माझ्या हातात ती हिरवी वही दिलीस आणि खांद्यावर हात ठेवून म्हणालास, “हे माझं काळीज आहे, जप.” भेटींची वही. कोण आजारी, कोणाकडे किती वाजता गेलो, काय प्रार्थना केली, सगळं तुझ्या त्या वळणदार अक्षरात. मी ती पहिल्या आठवड्यात पुरी वाचून काढली आणि मला माझी लाज वाटली, खरंच सांगतो. त्यात शेवटची जवळजवळ चार वर्षं, एकही आठवडा न चुकता, दर गुरुवारी दुपारी दोन वाजता एकच नोंद होती. ‘शिंपीणबाई. घरी भेट. वाचन, प्रार्थना, प्रभुभोजन.’ मी मोजल्या. दोनशे चार. मी तुझ्या वहिनीला म्हणालो, “बघ, याला म्हणतात सेवा. लोक उगाच नाही त्याचं नाव काढत.”

पहिल्या गुरुवारी मी दोनला दहा मिनिटं असताना तिच्या दाराशी उभा होतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिला चाकांच्या वॉकरला धरून दारापर्यंत यायला बराच वेळ लागला. दार उघडून तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, “गॅसचं कनेक्शन बघायला आलात का?” मी सांगितलं, मी नवा पाळक. तर तिने कडीकोयंडा सोडून मला आत घेतलं. आत एकच खोली. खिडकीशी शिलाई मशीन, तिच्यावर चादर. आणि मशीनजवळच्या छोट्या टेबलावर दोन कप, दोन बश्या, एक खुर्ची मोकळी. ती कुणाची वाट बघतेय का, असं मी विचारलं. म्हणाली, “आज गुरुवार ना. पाळकसाहेब म्हणाले होते, दर गुरुवारी येईन.” मी म्हटलं, येतच होते ना ते? ती हसली. “आले होते की, दोनदा. माझं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा फुलं घेऊन आले, बरोबर फोटो काढायला एकजण होते. आणि एकदा छत्री विसरली होती, ती न्यायला.”

दोनशे चार. त्यातली एक छत्री.

बाईंची मान हलायची, बोटं थरथरायची, डोळे अर्धे गेले होते, पण डोकं आपल्या दोघांपेक्षा ठिकाणावर होतं. मी तिथे बसलो होतो, वही माझ्या पिशवीत होती, आणि तिने अगदी सहज विचारलं, “मग का बरं आले नाहीत? माझं काही चुकलं का?” चार वर्षं दर गुरुवारी दोन कप मांडणाऱ्या बाईचा हा प्रश्न. आणि मी, जो आयुष्यभर खरं बोला म्हणून लोकांना सांगत आलो, मी म्हणालो, “तब्येत बरी नसायची त्यांची. कुणाला सांगत नव्हते.” तिचा चेहरा असा काही उजळला की मी आणखी पुढे गेलो. म्हणालो, जाताना मला बजावून गेलेत, शिंपीणबाईंना अंतर देऊ नकोस.

एकदा खोटं बोललो की ते सांभाळायला पुढच्या गुरुवारी पुन्हा बोलावं लागतं. सहा वर्षं मी तिच्याकडे गेलो. तिचे दिवे बदलले, पायाची नखं कापली, औषधांच्या गोळ्या डब्यात भरल्या, घरून चहा नेला, शास्त्र वाचलं, प्रभुभोजनाची भाकर मोडून दिली. आणि दर वेळी तुझा एक निरोप. ‘कालच फोन आला होता, तुमची आठवण काढत होते.’ बाई तुझ्यासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करायची. माझ्यासमोर, माझा हात धरून, तुझ्यासाठी. वर मला समजवायची, “तुम्ही मेहनती आहात हो, पण त्यांच्या प्रार्थनेत काहीतरी वेगळं होतं.” दोनदा ऐकलेल्या प्रार्थनेत.

तिसऱ्या वर्षी तिने तुझ्या नव्या चर्चसाठी प्रभुभोजनाच्या मेजावर घालायचं पांढरं कापड शिवायला घेतलं. कडेने गव्हाची कणसं आणि द्राक्षांचे घड. डोळ्यांनी दिसत नव्हतं, बोटांनी चाचपून टाके घालायची. पाच महिने लागले. मेजाचं माप हवं म्हणून मी तुझ्या ऑफिसला फोन केला. कुणीतरी मुलगी म्हणाली, “मेज? आमच्याकडे स्टेज आहे.” मी आमच्याच मेजाचं माप सांगून टाकलं. ते कापड मी स्वतः पाळकांच्या संमेलनाला घेऊन आलो, तुझ्या हातात दिलं, कुणी शिवलंय ते सांगितलं. तू “अरे वा, अरे वा” म्हणालास आणि शेजारच्या माणसाच्या हातावर ठेवून पुढच्या माणसाला मिठी मारलीस. पुढच्या वर्षी ते मला तुझ्या लॉबीत दिसलं. कॉफीच्या मशीनखाली. तपकिरी गोल डाग पडलेले, द्राक्षांच्या घडावर साखरेच्या पुड्या. तू जवळ आलास, माझी नजर बघून म्हणालास, “सुंदर आहे ना? कुणीतरी दिलंय.” मी काय केलं सांगू? मी दोन कप कॉफी प्यायलो. घरी येऊन बाईंना सांगितलं, अगदी समोर घातलंय, येणारा जाणारा विचारतो कुणी शिवलं म्हणून. तिने विचारलं, “घड एका रेषेत दिसतात ना?” म्हटलं, अगदी एका रेषेत.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी ती गेली. तिची एकच इच्छा होती, मातीच्या वेळची प्रार्थना तू करावीस. मी तुला तीनदा फोन केला. दुसऱ्या दिवशी तुझा आवाज आला, रेकॉर्ड केलेला, चाळीस सेकंदांचा. ‘आपल्या लाडक्या शिक्षिका, ज्यांनी पिढ्या घडवल्या...’ शिक्षिका! त्या बाईने आयुष्यभर लोकांच्या पँटी आखूड केल्या, रे. भरून आलेला आवाज मात्र जागच्या जागी होता.

दफनाला अकरा माणसं होती. ते रेकॉर्डिंग मी लावलं नाही. मी स्वतः प्रार्थना केली, तिच्या बोटांबद्दल, तिच्या वाट बघण्याबद्दल, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटतं मी बरी प्रार्थना केली. आणि शेवटी, सवयच लागलेली, मी म्हणालो, “हे शब्द आधीच्या पाळकसाहेबांनी लिहून पाठवलेत.” मुख्याध्यापक डोळे पुसत माझ्याजवळ आले. म्हणाले, “तरीच! मी म्हटलं, हे तुमचं नसणार.”

घरी परतताना तुझ्या वहिनीने रस्त्यातच मला थांबवलं. मला वाटलं ती तुला शिव्या देणार. तर म्हणाली, “ते खोटारडे आहेत ते मला केव्हापासून माहीत आहे. तुमचं काय? त्यांना झाकताना तुम्हाला गुदगुल्या होतात. मनातल्या मनात तुम्ही त्यांच्यापेक्षा मोठे होता, म्हणून झाकता. त्या बाईला खरं सांगितलं असतं, तर तिने दोन कप मांडणं बंद केलं असतं आणि तुम्ही आणलेला चहा तरी तुमचा म्हणून प्यायली असती.” मित्रा, तुझी मला घृणा येते, ते हे पत्र वाचून तुला कळलंच असेल. पण तू निदान आळशी होतास. मी दर आठवड्याला तीन जिने चढून खोटं बोलायला जायचो.

आता हे सगळं आज का लिहिलं ते सांगतो. बिशपच्या निवडीसाठी तुझं नाव पुढे आलंय आणि समितीने तुझ्या जुन्या मंडळीचा अभिप्राय माझ्याकडे मागितला आहे, गोपनीय. सही पाळकाची. फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे, ‘आजारी व वृद्धांच्या भेटीगाठींबाबत उमेदवाराची निष्ठा.’ मी तीन दिवस तो कागद टेबलावर ठेवला. मग त्या नोंदींच्या प्रती काढल्या, खऱ्या दोन आणि खोट्या दोनशे दोन, आणि खाली लिहिलं की हे मला सहा वर्षं माहीत होतं, मी लपवलं, मंडळीला आणि एका मरणाऱ्या बाईला फसवलं, तर माझ्याबद्दलही जो निर्णय घ्यायचा तो घ्यावा. रविवारी हेच मी हॉलमध्ये उभा राहून सांगणार आहे. मुख्याध्यापक विश्वास ठेवणार नाहीत, ते मला नक्की माहीत आहे. मी हे खऱ्यासाठी करतोय की तीस वर्षांच्या जळफळाटापायी, असं तू विचारशील. मीही विचारलं. उत्तर काही स्वच्छ आलं नाही. पण माझं मन कितीही मळकं असलं, तरी ती एका खोलीत दोन कप घेऊन बसली होती, हे त्याने बदलत नाही. फॉर्म आज सकाळी टपालात टाकला. हे पत्र त्याच्या मागोमाग टाकतोय, कारण तुला ते समितीकडून कळावं एवढा परका तू मला अजून झालेला नाहीस. रागाने लिही, शिव्या देऊन लिही, पण तू स्वतः लिही.

अजूनही, आणि याचीच चीड येते,
तुझाच