विंटर कंपनीची चार चाकं

टांडापेठ, नागपूर
ता. ३ जून १९७३

ती. शालिकभाऊंना जागेश्वरचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (डाव्या हाताचा अंगठा हातोडीखाली आल्यामुळे हात नीट जुळत नाहीत, पण नमस्कार पुरा समजावा.) आपली प्रकृती कशी आहे? पठाणकोटचं पाणी पोटाला मानवलं का? वहिनींचे गुडघे उन्हाळ्यात तरी ऐकत असतील. इकडे पोरं मजेत आहेत, घराच्या भिंती जागेवर आहेत. मी खुशाल आहे की नाही हे मला अजून कळायचं आहे. जेवायला बसलो की घास हातातच राहतो आणि मी भिंतीकडे पाहत बसतो. शेजारचे म्हणतात ऊन लागलं. ऊन नाही लागलं भाऊ, धक्का लागला.

तुम्हाला डेपोतून सुटी मिळाली नाही आणि बाबारावच्या प्रेमलताचं लग्न तुमच्याविना पार पडलं, याची सगळ्यांना हळहळ वाटली. सख्ख्या पुतणीचं लग्न, आणि थोरला काका मांडवात नाही! तुमच्या कानावर कामठीकडून काहीबाही आलं असेल. ते सगळं खरं आहे. फक्त लोक मधला भाग गाळून थेट रोलरवर येतात, म्हणून मी पहिल्यापासून लिहायला घेतलं.

मूळ कारण टायर. मागावर बसणं सोडून मी ही जुनी फियाट घेतली आणि टॅक्सी चालवू लागलो, ते तुमच्यासमोरच झालं. (बाबा जाईपर्यंत म्हणत होते की मागाला निदान पंक्चर तरी होत नाही.) पण गेल्या वर्षापासून नागपुरात टायर मिळणं म्हणजे देव भेटणं झालं आहे. सदरमधल्या दुकानात जा, मालक खुर्ची देतो, चहा पाजतो, मुलाबाळांची चौकशी करतो, टायर तेवढा दाखवत नाही. माझे टायर तर असे गुळगुळीत झाले होते की वरून हात फिरवला तर तान्ह्या पोराची टाळू हाताला लागल्यासारखी वाटे. अशातच प्रेमलताचं लग्न ठरलं आणि नवरदेवाला सदरहून कामठीला आणायचं काम बाबारावने माझ्यावर टाकलं. नवरदेव मुकुंद बँकेत कारकून आहे. बोलणं इतकं कमी की बैठकीत तो मुका तर नाही ना, म्हणून आमच्या सौ. भागीरथाने त्याला मुद्दाम दोनदा पाणी विचारलं. त्याचे वडील रुपरावजी मिरचीचे व्यापारी आणि स्वभाव दुकानातल्या मालासारखा. त्यांनी बैठकीतच बजावलं होतं की पोरगा मोटारीतूनच मांडवापुढे उतरेल आणि गोरज मुहूर्ताच्या आधी उतरेल.

त्याच आठवड्यात न्हाव्याकडे बसलो असताना एका हिंदी पेपरात जाहिरात दिसली. दिल्लीची कुठलीशी कंपनी. 'विंटर टायर, पहियों समेत! फियाट के लिए. घर बैठे मंगाइए. बर्फ़ पर भी पकड़ न छोड़े!' आता तुम्हीच सांगा, टायरच्या कंपन्यांना काय वाटेल ती नावं असतात. मला वाटलं विंटर हे कंपनीचं नाव. कुण्या विंटरसाहेबाने काढली असेल. (इंग्रजीत मी कुठपर्यंत पोचलो होतो ते तुम्ही जाणता. 'स्टॉप' आणि 'नो पार्किंग' एवढ्यावर माझा धंदा आजवर चालला.) आणि बर्फाचं म्हणाल तर जाहिरातीत स्टुलावर हत्ती उभा केलेला असतो, म्हणून कोणी हत्ती बसवायला स्टूल घेत नाही. मला वाटलं, मजबुती सांगायची ही एक पद्धत. दोन वर्षांपूर्वी मी असाच 'बिनविजेचा जपानी पंखा' टपालाने मागवला होता आणि खोक्यातून ताडाचा हातपंखा निघाला, तो प्रकार वेगळा. त्यात फसवणूक होती. या कंपनीने मात्र जाहिरातीत लिहिलं होतं तेच आणि तसंच पाठवलं. तीच तर रड आहे.

स्टेशनवर पार्सल आलं, बिल्टी दाखवून सोडवलं, रिक्षात घालून घरी आणलं. गोणपाट कापलं आणि मी अंगणातच बसलो. टायर नवेकोरे, चाकं चांदीसारखी चमकत होती, पण प्रत्येक टायरला गोल फिरून लोखंडी खिळ्यांची डोकी! आधी वाटलं, पॅकिंगचे खिळे राहून गेले. पक्कड घेऊन उपटायला गेलो तर एकही हलेना. सोबत हिंदीत चिठ्ठी होती, की हा माल परदेशी वकिलातीतल्या कुण्या साहेबाच्या फियाटसोबत आलेला, अगदी न वापरलेला. मनात म्हटलं, न वापरता साहेब गेला कसा? मग माझी मीच समजूत घातली, की घोड्याला नाल असते, तसे विलायती टायरला खिळे असतील. बसवून पाहिले तर चारही चाकं अशी बेमालूम बसली, जणू माझ्याच गाडीच्या मापाने ओतली होती. तिथेच माझी मती गेली. मापाने बसलेली वस्तू चुकीची असेल असं माणसाच्या मनात येत नाही.

लग्नाच्या दिवशी दुपार टळल्यावर सदरला गेलो. चालवताना आवाज असा की गल्लीतली कुत्री भुंकायची सोडून घरात शिरली. पत्र्याच्या पेटीत फुटाणे भाजावेत तसा कडकड कडकड आवाज, आणि दगडी चौकात मागून ठिणग्या. रुपरावजी बाहेर आले, गाडीभोवती फिरले. मी सांगितलं, विंटर कंपनीचे आहेत, विलायती. ते खूश झाले. (नवरदेवाची गाडी येते आहे हे अर्ध्या सदरला कळावं, अशी त्यांची इच्छा असावी. कळलं.) वऱ्हाडाचा ट्रक पुढे निघून गेला होता. गाडीत मागे मुंडावळ्या बांधलेला मुकुंद आणि त्याची लहान बहीण कलश घेऊन, पुढे माझ्या शेजारी रुपरावजी, फेट्यात.

इंदोरा ओलांडला आणि पुढे रस्त्याचं काम निघालं. अर्ध्या मैलावर त्याच दिवशी डांबर टाकलेलं, वर बारीक गिट्टी, आणि मेच्या उन्हात ते सगळं गुळाच्या पाकासारखं तकाकत होतं. बाकीच्या गाड्या खालच्या शेतातल्या कच्च्या वाटेने जात होत्या. मुकादम लाल फडकं हलवत पळत आला. मी थांबायला हवं होतं. पण कच्च्या वाटेवर धूळ, नवरदेवाचे पांढरे कपडे, मुहूर्त, आणि डोक्यात ती जाहिरात. जे बर्फावर पकड सोडत नाहीत, ते डांबरावर काय सोडणार? असं म्हणून मी गाडी सरळ घातली.

भाऊ, जाहिरात खोटी नव्हती. टायरांनी पकड सोडली नाही. डांबरानेच रस्ता सोडला. प्रत्येक खिळा डांबरात रुतायचा आणि निघताना हातभर रस्ता सोबत घेऊन निघायचा. चाकांवर डांबर, डांबरावर गिट्टी, त्यावर पुन्हा डांबर, असं करत चाकं जात्याएवढी झाली, मडगार्डाला घासली, आणि शेवटी गाडी चर्र करून उभी राहिली ती राहिलीच. मागे वळून पाहिलं तर नव्या रस्त्यावर बैलांनी नांगरल्यासारखे दोन चर पडलेले. मुकादम धोंडबा तिथे डोक्याला हात लावून बसला होता. मग तो उठला आणि आमच्याकडे आला.

"काहून गा, तुले लाल फडकं दिसलं नाई? उद्या मोठे साहेब रस्ता पाहाले येऊन राहिले! मी त्याईले काय दाखवू, हे वखरलेलं वावर?"

मी म्हटलं, "बापू, नवरदेव आहे गाडीत."

"नवरदेव असो नाई तं लाटसाहेब! रस्ता भरून दिल्याबिगर गाडी हालत नाई."

हालणार तर ती तशीही नव्हती. रुपरावजी उतरले, त्यांचा एक जोडा डांबरात राहिला, दुसरा पाय उचलताना तोही राहिला. अनवाणी पायाला चटका बसला आणि त्यांच्या तोंडून जे बाहेर पडलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. शेवटी गाडीच्या पायरीवर चढून ते म्हणाले, "हे अपशकुनाचं लगन मले नाई पाहिजे! मुहूर्त हुकला का मी पोराले घेऊन वापस चाललो, सांगून ठेवतो!"

प्रेमलता डोळ्यांसमोर आली. ती पोर आमच्या घरी शिवण शिकायला राहिली होती, भागीरथाच्या मागेमागे असायची. बाबारावने दहा ठिकाणी नकार पचवून हे स्थळ आणलं होतं. मी टायरच्या हौसेपायी तिचं लग्न भर रस्त्यात चिकटवून ठेवलं होतं. मी खरंच रुपरावजींचे पाय धरायला वाकलो, पण ते पाय डांबराने काळे झाले होते, आणि माझे हात तिथेच चिकटले. आता सासरा आणि मी एकमेकांना धरून उभे! धोंडबाने रॉकेल आणून आम्हाला सोडवलं. चर पाहून रस्ता दाबायचा रोलरही एव्हाना गाडीला खेटून येऊन थांबला होता.

तेवढ्यात मागून आवाज आला, "हा रोलर कामठीकडे जाते का?"

आम्ही सगळे वळलो. मुकुंद बोलला होता. रोलरवाला म्हणाला, जाते, पण पायी माणसाइतकाच जाते. मुकुंद गाडीच्या खिडकीतून बाहेर निघाला, टपावरून उडी मारून थेट रोलरवर. वडिलांनी हाक मारली तर तो म्हणाला, "मुहूर्त गेला तं जाऊ द्या, बाबा. पोरगी वाट पाहून राहिली असन. मी चाललो." इतकंच. पण आयुष्यभराचं एकदम बोलल्यासारखा त्याचा चेहरा लाल झाला होता. धोंडबाने कपाळावरचा घाम पुसला, मुकुंदकडे पाहिलं आणि म्हणाला, "जा घेऊन. येतानी भरभर ये, हे चर दाबा लागते." (रोलर भरभर कसा येणार हे कोणी विचारलं नाही.)

मग रुपरावजीही चढले, बिनजोड्याचे. कलश घेऊन पोरगी चढली. मला कोणी या म्हटलं नाही. मी मागून पायी निघालो. मिरवणूक अशी कधी कोणी पाहिली नसेल: पुढे धूर ओकणारा रोलर, त्यावर छत्रीखाली मुंडावळ्या, शेजारी फेटा बांधलेले अनवाणी सासरे, आणि मागे डांबराने काळा झालेला मी. छावणीच्या नाक्यावर पहारेकऱ्याने आधी बंदूक सावरली आणि मग, काय वाटलं कोण जाणे, नवरदेवाला सलाम ठोकला.

मांडवात गोरज टळून गेला होता. बायका रडायच्या बेतात, बाबाराव खांबाला टेकून उभा. जमीन हादरू लागली तेव्हा आचारी भूकंप म्हणून कढई सोडून पळाला. मग वळणावरून रोलर दिसला. बँडवाल्यांनी वाजवायचं की पळायचं हे ठरेना. बाबारावच्या हातातलं औक्षणाचं ताट पडलं. सगळा मांडव रोलरकडे पाहत असताना खिडकीतून प्रेमलता हसली. नवरीने हसू नये वगैरे काही तिच्या ध्यानात राहिलं नाही. ती खिदळत राहिली, मुकुंद रोलरवरूनच तिच्याकडे पाहून हसला, आणि रुपरावजींनी दोघांकडे आळीपाळीने पाहून फेटा काढून मांडीवर ठेवला. भटजींनी पंचांग चाळून आणखी एक शुभ घटका काढली. (वांग्याची भाजी गार होत होती; घटका काढणं भागच होतं.) लग्न लागलं. रोलरवाला पहिल्या पंगतीत जेवला आणि आहेर घेऊन गेला.

गाडी सकाळी पाहिली तर डांबर घट्ट झालेलं आणि फियाट रस्त्यातच उगवल्यासारखी उभी. ती छिन्नी-हातोडीने सोडवावी लागली. धोंडबाने चर बुजवेपर्यंत मला गिट्टीची घमेली उचलायला लावली, आणि मोठे साहेब आले तेव्हा मी मजुरांच्या रांगेत खाली मान घालून उभा होतो. साहेब म्हणाले, काम छान आहे. मला रडू आलं.

असं सगळं आहे. प्रेमलता सुखात आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
जागेश्वर

ता. क. – एक गोष्ट राहिली. टायर मी मागवले हे फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. टपालाने काही मागवायचं नाही, अशी भागीरथाने मला शपथ घातली आहे, म्हणून पार्सल आलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की पठाणकोटहून शालिकभाऊंनी भेट पाठवली. त्या दिवशी तुमचं फार कौतुक झालं. लग्नानंतर मात्र रुपरावजी, बाबाराव आणि मुकादम धोंडबा हे तिघंही तुमच्याबद्दल काही वेगळंच बोलतात.

ता. क. २ – भागीरथा आज सकाळीच गाडीने तुमच्याकडे निघाली. सोबत एक टायर आहे. तो तुमच्या मांडीवर ठेवून ती विचारणार आहे, की सख्ख्या पुतणीच्या लग्नात खिळे पाठवायचं काय कारण होतं. म्हणून हे पत्र एक्स्प्रेस डिलिव्हरीने टाकतो आहे. तुम्ही फक्त 'चुकलो' म्हणा. थोरल्या दिराला ती दोन दिवसांत माफ करते. मला किती दिवस लागतील याचा अंदाज नाही. ती आधी पोचली असेल तर हे पत्र स्वयंपाकघरात वाचू नका.

ता. क. ३ – त्याच कंपनीकडे बर्फात टायरला बांधायच्या लोखंडी साखळ्याही आहेत, अर्ध्या भावात. पावसाळ्यात उमरेडकडच्या काळ्या मातीत गाडी रुतते, तिथे त्या फार उपयोगी पडतील. पार्सल तुमच्या नावाने, तुमच्या पत्त्यावर मागवलं आहे. येत्या आठवड्यात पोचेल. भागीरथा झोपली असताना सोडवून घ्या.