धानाच्या गोदामातली शाळा

मामाजी,

उभ्या हयातीत मी तुमच्याशी समोरासमोर एक शब्द बोलले नाही. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, पदर पुढं ओढून दाराआड उभं राहायचं, ही आपल्या घरची रीत. भांडले मात्र पोटभर. तुम्ही ओसरीत पाटावर जेवायला बसलेले, मी आत चुलीपुढं, आणि मधल्या उंबऱ्यावर आत्याबाई. तुम्ही बायकोला म्हणायचे, "सांग तिले," आणि मी सासूला म्हणायची, "सांगा त्यांना." दोघांनाही एकमेकांचं नीट ऐकू यायचं, तरी आत्याबाई इकडचं तिकडं पोचवायच्या आणि पोचवता पोचवता त्यात गूळ घालायच्या. मी म्हटलं, "गोंदियाच्या डाळीत डाळीपेक्षा खडे जास्त," की त्या तुम्हाला म्हणायच्या, "वरन आनखी वाढू का, विचारते ती." आज त्या नाहीत, तुम्ही नाही, उंबरा तेवढा आहे. म्हणून हे सरळ लिहिते, गूळ न घालता.

मी भंडाऱ्याची, हा माझा पहिला गुन्हा. लग्नानंतर आंदणाची पितळी भांडी ओसरीत मांडली होती, तेव्हा तुम्ही पाण्याच्या एका गुंडावर नखानं टिचकी मारली, नाद ऐकला आणि म्हणाले, "भांडी बरी हायेत. पन शिजवाले तांदूळ आमच्याच गावचा लागते." चार पाव्हण्यांत हशा झाला. माझे वडील उठून अंगणात गेले. मी नवी नवरी, नाकात नथ टोचतेय, डोळे खाली, आणि त्याच क्षणी मी मनाशी ठरवलं की या माणसाचं एकही बोलणं उसनं ठेवायचं नाही.

मग रोज जेवणाबरोबर दोन्ही गावं वाढली जायची. तुमच्या गोंदियाला बडी लाइन, छोटी लाइन, आणि आमच्या भंडाऱ्याचं स्टेशन गावाबाहेर वरठीला. "रेल्वे बी तिच्या गावाले भिते, दुरूनच पळून जाते," तुम्ही म्हणायचे. मी आतून म्हणायची, "सांगा त्यांना, गोंदियात इंजिन पाणी प्यायला थांबतं. पाणी पिऊन झालं की तेही राहत नाही." तुम्ही कलकत्त्याची साडी आणली, काचेच्या चिमणीचा कंदील आणला, आणि अंगणात धरून शेजाऱ्यांना दाखवला. "असा माल भंडाऱ्यात दाखवा म्हना." साडीचा रंग पहिल्याच धुण्यात गेला, न्हाणीतलं पाणी जांभळं झालं. मी ते घंगाळ मुद्दाम तसंच ठेवलं, तुम्हाला दिसेल असं. आमच्याकडच्या पवनीचं लुगडं माझ्या आईनं नेसून फाडलं, मग मी त्याची गोधडी शिवली, तरी काठ जसाच्या तसा होता. तुम्ही घंगाळाकडं बघितलं आणि म्हणाले, "रंग गेला त् दुसरी घेऊ. घेनाऱ्यापाशी पैसा पायजे." पैशाचं बोलणं आलं की माझी पंचाईत व्हायची, कारण ते खरं होतं. आमच्याकडं कारकून, मास्तर, वकिलाचे मुन्शी. तुमच्याकडं धानाच्या गाड्यांची रांग स्टेशनापर्यंत. मग मी शेवटचं हत्यार काढायची. "पैसा असला तरी जिल्ह्याची कचेरी भंडाऱ्यातच आहे म्हणावं. कागद घेऊन यावं लागतं."

हे तुम्हाला फार लागायचं, ते मला माहीत होतं. एकदा तुम्ही कसल्याशा अर्जासाठी तिथं गेलात आणि कोण्या कारकुनानं तुम्हाला दिवसभर पडवीत उभं ठेवलं, वर तो चार माणसांत तुमचा अर्ज वाचून हसला. तुम्ही घरी आलात ते जोडेही न काढता. मला गप्प बसता आलं असतं. मी म्हटलं, "विचारा त्यांना, भंडाऱ्यात बसायला पाट दिला का कोणी?"

आत्याबाईंनी तोंड उघडायच्या आत तुम्ही उठलात. तुमच्या बंडीच्या खिशात माझ्या भावाचं कार्ड होतं, त्या दिवशीच आलेलं. ते तुम्ही उंबऱ्यावर ठेवलं. "तिच्या गावात एवढी विद्या भरून राहिली, त् हे वाचून दाखव म्हना. माझी भाकर थांबते तवरिक."

चुलीवरची भाकरी जळत होती. मी कार्ड हातात घेतलं. उलटं धरलं होतं की सुलटं, तेही मला कळत नव्हतं. माझे दोन्ही भाऊ शाळेत गेले, मी त्यांची धोतरं धुवायला घाटावर. ज्या विद्येवर मी इतकी वर्षं तुमच्याशी भांडत आले, ती माझी नव्हतीच, भावांची होती. तुम्ही वाट बघत उभे. आत्याबाईंना त्या दिवशी घालायला गूळ सापडला नाही. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "जेवून घ्या आता." तुम्ही बसलात आणि नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त खाल्लीत. ते कार्ड मी तांदळाच्या मडक्यात खाली दडवलं.

माझी लेक तेव्हा दुधाचे दात पडायच्या वयाची, तुमच्या ताटात बसून जेवणारी. एक दिवस मी म्हटलं, "सांगा त्यांना, माझी पोरगी शिकेल. भंडाऱ्यात मुलींची शाळा आहे, मामाकडं राहील."

"माझी नात? भंडाऱ्यात? कायले? कारकुनायची भांडी घासाले?"

"मग इथं शिकवा म्हणावं. गोंदियात सारं विकत मिळतं म्हणतात ना, मग बाजारातून एक शाळाही घेऊन या."

तुमचा हात भातावर थांबलेला मला दाराच्या फटीतून दिसला. आपल्या मोहल्ल्यात तेव्हा पोरींसाठी शाळा नव्हती. धान विकून मागचं लहान गोदाम नुकतंच रिकामं झालं होतं. दुसऱ्याच दिवशी तिथं चुना लागायला लागला, तरटं अंथरली गेली, भिंतीला काळं फासून फळा झाला. शिकवायला बाई मात्र मिळेना. तुम्ही रायपूरला सांगून पाठवलं, जबलपूरला पाठवलं. शेवटी एक विधवा बाई यायला तयार झाल्या. ट्रंक घेऊन अंगणात उभ्या राहिल्या, तेव्हा तुम्ही ओसरीतून म्हणालात, "विचार, कुठल्या?" त्यांनी स्वतःच उत्तर दिलं, "भंडाऱ्याची मी." मी आत पदर तोंडात कोंबून हसले. पण तुम्ही कसले हरता! "रेल्वेनं आली ना? मंग गोंदियाचीच समज."

पोरी आल्या. व्यापाऱ्यांच्या, गाडीवानांच्या, एक दोन हमालांच्याही. गोदामात उरलेल्या दाण्यांसाठी चिमण्या यायच्या आणि पोरींच्या पाढ्यांत त्यांचाही गलका मिसळायचा. मी शेजारच्या पडवीत सूप घेऊन बसायची. पाखडलेलेच तांदूळ पुन्हा पाखडायची. माझी लेक सगळ्यांत पुढं. ती मोठ्यानं वाचायला लागली की माझा हात चालायचा नाही. आणि तुम्ही? कोणी आडतिया आला, कोणी स्टेशनमास्तर आला, की "देखो सेठ, हमारी पोती," करून तिला उभं करायचे. माझा भाऊ आला तेव्हा तर पाणी द्यायच्या आधी तिला बोलावलंत. तिनं पुस्तकाचं पान न अडखळता वाचलं. भाऊ थक्क झाला, म्हणाला, "आमच्याकडच्या मुलीही एवढं वाचत नाहीत." तुम्ही मिशीवरून हात फिरवलात. तुमचं काम झालं होतं. मला ते तेव्हा कळलं नाही.

दिवाळीनंतर नवं धान आलं. गाड्या दारात उभ्या, बैल माना हलवतायत, आणि तुम्ही आत्याबाईंना म्हणता, "सांग तिले, जागा लागते." एवढंच. बाईंना लुगडं देऊन गाडीत बसवून दिलं. हमाल पोती आत टाकतायत आणि माझी लेक दारात उभी. "आजोबा, माझी पाटी आत राहिली." तुम्ही म्हणालात, "धान निघालं की काढू, बेटा."

मामाजी, तुमचं गोदाम काय एकच होतं? गायींच्या कोठ्यात शाळा भरली असती, परसात चिंचेखाली भरली असती. तुम्हाला शाळा नको होती, भंडाऱ्याला दाखवायला वस्तू हवी होती. त्या कंदिलासारखी. दाखवून झाली, खुंटीला लावली. गोदाम फुटेपर्यंत भरलंत आणि माझ्या पोरीची पाटी त्या धानाखाली दाबलीत. दाराआड उभी राहून मी तेव्हा पहिल्यांदा तुमच्यासमोर यायला पाऊल उचललं होतं. आत्याबाईंनी माझा हात धरला. धरायला नको होता. त्या दिवशीचं मी तुम्हाला माफ केलेलं नाही, तुमच्या तेराव्याला जेवण वाढतानाही केलं नव्हतं. तुम्ही प्रेमळ नव्हता असं मी म्हणत नाही. तापात माझ्या लेकीच्या उशाशी बसलेले तुम्ही मी पाहिलेत. म्हणूनच जास्त राग येतो. समजत नव्हतं असं म्हणायची सोय तुम्ही ठेवली नाही.

उन्हाळ्यात पोती निघाली तेव्हा पाटी सापडली. चौकट उंदरांनी खाल्लेली, दगड शाबूत. तोवर लेकीचं लग्न कामठ्याला ठरलं होतं. तिला स्वतःला विसर पडायला लागला होता, म्हणून ती दुपारी चुलीपाशी बसून मला शिकवायची. पुढं माझं मीच रेटत गेले. पुडीचा कागद, दुकानाची पाटी, जे दिसेल ते. एक दिवस मडक्यातून ते कार्ड काढलं आणि वाचलं. "आईनं कुरडया पाठवल्या आहेत, पोचल्याचं कळवावं." आई जाऊन तोवर किती तरी दिवस झाले होते.

आता मीच म्हातारी झाले. लढाई संपली म्हणतात, पण कंट्रोलचं रेशन काही संपलं नाही. तुमच्या मिरवणाऱ्या बाजारात रॉकेलसाठी रांग लागते आणि तो कंदील बिनतेलाचा लटकतो. बरं झालं, असंच माझ्या मनात येतं. हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, तर एक गोष्ट तेवढी लिहून टाकते.

मागच्या महिन्यात भावाच्या नातवाच्या लग्नाला भंडाऱ्याला गेले होते. बायका पानं लावत बसल्या होत्या. "आल्या गोंदियावाल्या! आहेर काय आणला, धानाचा कोंढा?" कोणी तरी म्हणालं. त्यात भावाची थोरली नातसून, शाळेत शिकवणारी, हसत म्हणाली, "पैसा आहे हो गोंदियात, पण शिक्षणाच्या नावानं सगळा अंधार." मामाजी, हे माझंच बोलणं. जन्मभर मी आतून तेच ओरडत आले. मला टाळी द्यायला हवी होती. मी हातातलं पान खाली ठेवलं आणि म्हटलं, "आमच्या मामाजींनी धानाचं गोदाम रिकामं करून पोरींची शाळा काढली. तुझा जन्मही नव्हता तेव्हा."

ती पोर खरंच ओशाळली. म्हणाली, "आजी, मला माहीत नव्हतं. अजून आहे का हो ती शाळा?"

आत्याबाई असत्या तर त्यांनी काही तरी गूळ घातला असता. त्या नव्हत्या, म्हणून मलाच घालावा लागला.

"आहे ना," म्हटलं. "चालून राहिली."