केशरबाईंच्या गटाराचा प्रश्न मी कसा मार्गी लावला

९ मार्च, सकाळी
आजपासून रोज लिहायचं. वॉर्डासाठी आपण किती झिजतो ते निदान आपल्याला तरी कळलं पाहिजे. नगरसेवक झाल्यापासून पाठ धरलीय. सत्कारात फार वेळ उभं राहावं लागतं.
शेजारच्या गल्लीतल्या केशरबाई आल्या होत्या. गटार तुंबलंय, पाणी उंबऱ्यापर्यंत आलंय. त्यांचे यजमान बाजीराव, मार्केटमध्ये माथाडी होते, आता अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेत, तेही तळमजल्यावर. मी म्हटलं, दोन दिवसांत काम होईल, टेन्शन घेऊ नका. बाईंचा चेहरा खुलला. निदान मला तसं वाटलं.

१० मार्च
इंजिनिअरला फोन करणार होतो. त्याआधी वॉर्डाच्या ग्रुपवर ‘गटाराचा प्रश्न मार्गी’ असं टाकलं. भराभर अंगठे आले. सगळ्यांना हात जोडेपर्यंत दुपार झाली. दुपारी साहेबलोक जेवतात. आपण समजून घ्यायला हवं.

११ मार्च
स्पॉट व्हिजिट. पुढे एका लग्नाला जायचं होतं, म्हणून पांढरे बूट. गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. पाहणी लांबूनच नीट होते. केशरबाई दारातून काहीतरी सांगत होत्या, पण नाकाला रुमाल होता, लक्ष लागेना. फोटो चांगला आला.

१३ मार्च
घरी आलो तर हॉलमध्ये, म्हणजे माझ्या जनसंपर्क कार्यालयात, बाजीराव झोपलेले. पाणी खाटेखाली शिरलं म्हणून स्मिताने शेजाऱ्यांना हाताशी घेऊन त्यांना उचलून आणलं. केशरबाई स्वयंपाकघरात. मला कोणी विचारलं नाही. मी स्मिताला म्हटलं, लोक भेटायला आले तर बसतील कुठे?
ती म्हणाली, “अहो, कोण येतं?”
बायकोला राजकारण कळत नाही. ग्रुपवर टाकलं: ‘नगरसेवकांनी स्वतःच्या घरात आसरा दिला.’ बाजीरावांसोबत फोटो मात्र तिने काढू दिला नाही.

१६ मार्च
कार्यालय सध्या बाल्कनीत. डोक्यावर ओले टॉवेल.
इंजिनिअरला आज नक्की भेटणार होतो. पण स्मिताच सकाळी गेली, गल्लीतल्या बायका घेऊन. साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हटल्यावर सगळ्या दाराबाहेर बसून राहिल्या. दुपारी मला निरोप, डबे घेऊन या. लोकप्रतिनिधीने डबे वाहणं बरं दिसत नाही. प्रकृतीचं कारण कळवलं. ते खरंच असणार, कारण पडल्या पडल्या झोप लागली.

१८ मार्च
गटार उपसायची गाडी आली. स्मिता आणि केशरबाई दिवसभर गल्लीत. मी खिडकीतून लक्ष ठेवून होतो.
बाजीरावांना पाणी पाजायला घरात मीच. पाजलं. त्यांनी चांगल्या हाताने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. फोटो काढायचंही सुचलं नाही.

२० मार्च
पाणी ओसरलं. केशरबाईंचं घर धुऊन झालं. दमलोय, पण समाधान आहे. उद्या गल्लीत छोटा कार्यक्रम ठेवलाय. भाषण तयार केलं. थोडक्यात आटोपायचं असा निश्चय. सध्या सहा पानं झालीत.

२१ मार्च, संध्याकाळी
बाजीरावांना त्यांच्या घरी नेलं. केशरबाईंनी नारळ स्मिताच्या हातात दिला. मी शेजारीच उभा होतो, त्यांच्या लक्षात आलं नसेल. नारळ फुटल्यावर मी भाषण सुरू केलं. ‘बंधू-भगिनींनो’ म्हणालो तोवर आत चहा झाल्याची हाक आली, सगळे गेले. मग मीही गेलो.
त्यांची मुलगी पायल आली होती. द्रोणागिरीला गोदामात कामाला असते. तिने माझ्याकडे बघत आईला हळूच विचारलं, हे कोण. मी कॉलर सारखी केली.
केशरबाई म्हणाल्या, “हे व्हय? हे ताईंचं मालक. सभावानं चांगलं हायत.”
पायलने नमस्कार केला. मी म्हणालो, काही काम असलं तर सांग.
“नको काका,” ती म्हणाली, “ताई आहेत ना.”
मी बरं म्हणालो. बायका स्मिताभोवती बसल्या होत्या, बाजीराव त्यांच्याकडे बघत होते. उष्ट्या कपबशा इकडेतिकडे पडल्या होत्या. मी त्या गोळा करून मोरीत नेऊन ठेवल्या.