गुलाबाच्या वाटणीचं पाणी

उधना, सुरत
दि. १२ डिसेंबर १९९४

ती. सौ. रंजनावहिनीस,
छायाचा सा. न. वि. वि.

आई, दादा आणि मी इथे बरे आहोत. तुमची आणि तुमच्या आप्पांची खुशाली कळवावी. प्लेगच्या साथीच्या भीतीने ओस पडलेली चाळ पुन्हा भरली आहे. दिवाळीनंतर दादाचा कारखाना सुरू झाला, तेव्हा स्वयंपाकपाण्यासाठी आई मला घेऊन त्याच्याबरोबर आली. तुम्ही येईपर्यंतच, असं ठरलं होतं. शेजारच्या उषाबाई रोज विचारतात, रंजना कधी येणार. मी आईकडे बघते, आई तव्याकडे बघते.

तुमच्या दोन्ही कुंड्या ओट्यावर जिवंत सापडल्या. गुलाबाच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या, बोगनवेल मात्र फुलांनी लगडलेली. मी दोघांना रोज सकाळी एकेक तांब्या पाणी घालू लागले, अगदी सारखं. ताटात कुणाला कमी-जास्त वाढायचं नाही, हे आईने मला अक्षरं गिरवायच्या आधी शिकवलं. गुलाबाला पालवी आली, पण बोगनवेलीची सगळी फुलं गळून गेली. आता नुसती पानंच पानं. माझ्या हातून काय चुकलं ते कळवा, जिवाला घोर लागला आहे.

तुम्हाला आणायला कधी जायचं, असं दादाला विचारलं. तो म्हणाला, एकटी गेली तशी एकटी येईल. हे लिहावं की नाही, खूप विचार केला. न लिहिणं म्हणजे खोटं बोलणंच वाटलं.

मोठ्यांना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच ठेवा.
तुमची नणंद,
छाया

•

पारोळा
दि. ८ जानेवारी १९९५

चि. छायास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या हातून चुकलं ते एवढंच, की तू दोघांना सारखं वाढलंस. त्यांची भूक सारखी नाही. बोगनवेलीला दिवसभर ऊन हवं आणि पाणी बेतानेच. पानं माना टाकू लागली की मगच घाल. रोज पाणी मिळालं की ती आळशी होते, पानं वाढवते, फुलायचं विसरते. कुंडीही तिला अडचणीचीच आवडते.

गुलाबाचं तसं नाही. त्याला रोज सकाळी मुळाशी पाणी, उन्हाळ्यात दोनदा. माती वरचेवर सैल कर, महिन्यातून एकदा मूठभर शेणखत घाल. कारखान्यांतून उडणारा सुताचा कीस पानांवर बसतो, तो ओल्या फडक्याने पूस. मी ते रोज करायचे, हे हसायचे. म्हणायचे, माझ्या डोक्यावरही कीस असतो, तो कोण पुसणार.

मी एकटी का गेले, ते ह्यांनी सांगितलं आहे का? साथीला भिऊन पळणाऱ्यांच्या त्या गर्दीत उधना स्टेशनवर हे माझं शिलाई मशीन घेऊन आधी चढले आणि गाडी सुटली. दारातून हात करून म्हणाले, मागच्या गाडीने ये. मी दुसऱ्या दिवशी अमळनेरला, तुमच्या गावच्या स्टेशनवर, उतरले. वाटलं, फलाटावर कुणी थांबलं असेल. कुणी नव्हतं. मग एस.टी.ने माहेरी आले. मशीन ह्यांच्याबरोबर तुमच्या गावी सुखरूप पोचलं होतं.

मला यायचं आहे, छाया. ह्यांनी फक्त एकदा घ्यायला यावं. भांडायचं नाही, माफीही नको. आले की मी त्याच गाडीने निघेन.

सासूबाईंना नमस्कार. तुझा जीव तू सांभाळ.
तुझी वहिनी,
रंजना

•

उधना, सुरत
दि. १९ मार्च १९९५

ती. सौ. रंजनावहिनीस,
छायाचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं तेच सुचत नव्हतं.

आईला वाचता येत नाही, म्हणून घरात आलेलं पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं, ही आपल्याकडची रीत. तुमचंही तसंच वाचलं. स्टेशनचं आलं तेव्हा दादा उठला, पाळीची वेळ झाली म्हणाला. पाळीला अजून अवकाश होता. आईने सगळं ऐकून घेतलं आणि बोगनवेलीचं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, बघा, तिने स्वतःच लिहून दिलं. पाणी तोडलं की फुलते. अजून थोडे दिवस माहेरी राहू दे, नरम होऊन येईल. आता उषाबाई आल्या की त्यांनाही हेच ऐकवते, आणि दोघी हसतात. दादा हसत नाही, पण आईला गप्पही करत नाही.

तुम्ही सांगितलेलं सगळं मी तंतोतंत केलं होतं. बोगनवेलीचं पाणी कमी केलं, तशी तिला कळी धरली. कळी दिसली की आई दादाला हाताला धरून दाखवायला नेते. म्हणून वहिनी, मी आता तिला मुद्दाम भरपूर पाणी घालते आहे. ती फुललीच नाही तर आईला बोलायला जागा उरणार नाही. हे तुम्हाला आवडणार नाही, पण दुसरं काही माझ्या हातात नाही.

राग मानू नका. मला तुमचीच समजा.
छाया

•

पारोळा
दि. ११ एप्रिल १९९५

चि. छायास,
अनेक आशीर्वाद.

रागवायचं तुझ्यावर कशाला? मी झाडांविषयी लिहिलं, ते त्यांनी माझ्याविषयी ऐकलं. बोगनवेलीला पाणी तोडतात ते ती आपल्या मातीत उभी असताना. मुळासकट उपटून फलाटावर ठेवलेल्या झाडाला पाणी तोडत नाहीत. ते तसंही मरतंच.

आखाजी जवळ आली. आमच्या गल्लीतल्या सगळ्या लेकी माहेरी येतील, झोके बांधतील, आणि सण झाला की एकेकीला घ्यायला माणूस येईल. ह्यांनी तेव्हा यावं. तेव्हा आले तर कुणाला वेगळं काही दिसणार नाही, ह्यांचाही मान राहील. आप्पा म्हणाले, त्यानंतर मी वाट बघणार नाही आणि तुलाही बघू देणार नाही. एवढं मात्र वाचून दाखव.

गुलाबाकडे लक्ष दे. उन्हाळा त्याला सोसत नाही.
रंजना

•

उधना, सुरत
दि. १४ मे १९९५

ती. सौ. रंजनावहिनीस,
छायाचा सा. न. वि. वि.

आधी वाईट बातमी लिहिते. गुलाब वाळला. नळाला पाणी थोडकंच येतं. पिण्या-वापरायचं काढून जे उरे, त्यातलं जास्त मी बोगनवेलीला घालत होते. गुलाबाच्या वाटणीचंच ते होतं. बोगनवेलीला एक फूल आलं नाही. हिरवी गर्द झाली आहे. ते बघून आई म्हणाली, लाड केले की असंच होतं, आता कळलं का, रंजनाला एवढ्यात का आणायचं नाही ते. म्हणजे ती फुलली तरी आईचंच खरं, नाही फुलली तरी आईचंच. आणि गुलाब मेला.

आखाजीचं मी दोनदा वाचून दाखवलं. त्या आठवड्यात दादाला सुट्टी मिळाली नाही, असं तो म्हणाला. खरं खोटं मला माहीत नाही.

पण एक आशेचं आहे. परवा दादाने गावाहून परत आणलेलं तुमचं मशीन माळ्यावरून खाली काढलं, कपड्याने पुसलं, थेंब थेंब तेल घातलं. किती तरी वेळ चाक फिरवून बघत बसला होता. मला वाटतं, तुम्ही यायच्या आधी तो सगळं नीट करून ठेवतो आहे. तो निघेलच. एवढ्यात आप्पांना काही ठरवू देऊ नका.

उत्तराकडे डोळे लावून बसले आहे.
छाया

•

पारोळा
दि. २ जून १९९५

चि. छायास,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी तुमच्या गावचा धुडकू ट्रक घेऊन दाराशी आला. मशीन पोत्यात गुंडाळून सुतळीने नीट बांधलेलं होतं. कुठे ओरखडा नाही. चिठ्ठी नाही. धुडकू म्हणाला, वहिनी, योगराजभाऊंनी सांगितलं, जपून उतरव.

लग्नात आप्पांनी दिलेली वस्तू परत आली, म्हणजे काय ते मी तुला समजावून सांगायला नको. तेव्हाही ते आधी गाडीत चढलं, आताही तेच आलं. तुझ्या दादाला ते जपता येतं. चांगलं चालतं आहे. कालपासून गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायला घेतले.

गुलाबाचं मनाला लावून घेऊ नकोस. तू एकटीच माझ्यासाठी भांडलीस, आणि भांडायला तुझ्याजवळ फक्त पाणी होतं. त्याची कुंडी उषाबाईंना दे. बोगनवेल तिथेच राहू दे. तिचं पाणी तोड. पावसाळा संपला की ती भरभरून फुलेल आणि घरात सगळ्यांना बरं वाटेल.

तुझं लग्न ठरेल तेव्हा एवढं विचारून घे, की तुला घ्यायला कोण येणार.

तुझ्यावरची माया आहे, ती तुझ्यापाशी ठेव. पत्र मात्र रीतीप्रमाणे सगळ्यांसमोर वाच. मोठ्याने.

रंजना